ग्रेनेडा: डोंगर, जायफळ आणि १९८३ च्या हल्ल्यामागची गोष्ट

नीरज चोप्रामुळे आपल्याकडे बऱ्याच जणांना अँडरसन पीटर्स हे नाव माहीत झालंय. २०२२ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये त्याने ९०.५४ मीटर भाला फेकून गोल्ड घेतलं आणि नीरजला सिल्व्हर मिळालं, मग २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये अर्शद नदीम पहिला, नीरज दुसरा आणि हा पीटर्स तिसरा. त्याच्या नावापुढे देश लिहिलेला असतो ग्रेनेडा. याच देशाच्या किरानी जेम्सने २०१२ ला लंडनमध्ये ४०० मीटरचं गोल्ड मारलं होतं, आणि देशाची एकूण लोकसंख्या आहे सव्वा लाखाच्या आत! म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम तालुक्याच्या गावाएवढे लोक.

आता या देशाबद्दल नेटवर शोधायला गेलं की पहिल्या दोन ओळींतच येतं की १९८३ साली अमेरिकेने इथे सैन्य उतरवलं होतं, आणि मग बीच, मसाले, क्रूझ. मला हे फारच अपुरं वाटतं. कारण तो हल्ला काही आभाळातून पडला नव्हता. त्याच्या मुळाशी एका विमानतळाचं भांडण होतं, विमानतळाचं भांडण होतं कारण बेटावर सपाट जमीनच नाही, आणि सपाट जमीन नाही म्हणूनच तिथे ऊस टिकला नाही आणि जायफळ टिकलं. तिथला भूगोल नीट समजून घेतला की इतिहास आपोआप उलगडत जातो, म्हणून आधी जमिनीपासून सुरुवात करतो.

कॅरिबियन समुद्रात पूर्वेच्या बाजूला लहान लहान बेटांची एक कमान आहे, वर उत्तरेपासून खाली दक्षिण अमेरिकेच्या दिशेने उतरत येणारी. त्या कमानीच्या जवळजवळ खालच्या टोकाला ग्रेनेडा. त्याच्या दक्षिणेला साधारण दीडशे किलोमीटरवर त्रिनिदाद, वर उत्तरेला सेंट व्हिन्सेंट. मुख्य बेट उत्तर-दक्षिण फार तर ३४ किलोमीटर, रुंदी १८-१९ किलोमीटर. कारियाकू आणि पेटिट मार्टिनिक ही दोन छोटी बेटं धरली तरी सगळा देश ३४५ चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे बृहन्मुंबईच्या निम्म्याहून थोडा जास्त. एवढ्याशा जागेत माउंट सेंट कॅथरीन नावाचा ८४० मीटरचा डोंगर उभा आहे, माथेरानच्या पठारापेक्षा थोडा उंच, आणि तो समुद्रापासून काही किलोमीटरवरच.

सगळं बेट ज्वालामुखीचं. मधोमध ग्रां एतांग नावाचं तळं आहे, ते जुन्या ज्वालामुखीच्या तोंडात पाणी साठून झालेलं, आजूबाजूला कायम ढग आणि दाट जंगल. राजधानी सेंट जॉर्जेसचं बंदरसुद्धा असंच, समुद्राने आत शिरून भरून टाकलेलं ज्वालामुखीचं तोंड, म्हणूनच ते इतकं खोल आणि चारी बाजूंनी सुरक्षित आहे आणि म्हणूनच फ्रेंच आणि इंग्रज त्यासाठी भांडले. आणि ज्वालामुखीचं काम अजून संपलेलं नाही बरं का, बेटाच्या उत्तरेला साधारण ८ किलोमीटरवर समुद्राच्या पोटात किक एम जेनी नावाचा जिवंत ज्वालामुखी आहे. १९३९ साली तो उसळला तेव्हाच लोकांना कळलं की इथे खाली असं काही आहे, नंतर २००१, २०१५, २०१७ लाही त्याने हालचाल केली. बोटींना त्याच्या डोक्यावरून जायला बंदी असते.

तर जमीन अशी: मधे डोंगर, उतार तीव्र, माती काळी सुपीक, पाऊस भरपूर, आणि सपाट पट्टा जवळजवळ नाहीच. जो थोडा सपाट भाग आहे तो पूर्वेच्या किनाऱ्यावर थोडासा आणि अगदी नैऋत्य टोकाला पॉइंट सॅलाइन्सजवळ, जिथे पाऊस कमी आणि जमीन कोरडी. हे टोक लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

इथले जुने लोक दक्षिण अमेरिकेकडून होड्यांनी बेटाबेटाने वर सरकत आलेले. युरोपियन आले तेव्हा इथे कालिनागो लोक होते, ज्यांना युरोपियनांनी कॅरिब म्हटलं आणि सगळ्या समुद्रालाच ते नाव पडलं. कोलंबसने १४९८ च्या तिसऱ्या सफरीत हे बेट लांबून पाहिलं, पण स्पॅनिश लोकांनी इथे वस्ती केली नाही. १६०९ ला इंग्रजांनी प्रयत्न केला तर कालिनागोंनी त्यांना टिकू दिलं नाही. शंभर दीडशे वर्षं आजूबाजूची बेटं एकेक करून जात असताना हे बेट त्यांनी राखलं, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांतल्या 'कोलंबसने शोध लावला' छापाच्या वाक्यात पार झाकली जाते.

१६४९ ला मार्टिनिक या फ्रेंच बेटावरून दु पार्के नावाचा फ्रेंच गव्हर्नर दोनेकशे माणसं घेऊन आला. सुरुवातीला मणी, चाकू, दारू देऊन जमीन मिळवल्याचं सांगतात, पण काही महिन्यांतच लढाई सुरू झाली आणि मग फ्रेंचांनी कालिनागोंना उत्तरेकडे ढकलत नेलं. शेवटी उत्तरेच्या कड्यावर साधारण ४० जण अडकले आणि त्यांनी शरण जाण्यापेक्षा कड्यावरून समुद्रात उड्या मारल्या. हे १६५०-५१ च्या सुमाराचं. त्या ठिकाणी आज सोतेर नावाचं गाव आहे, कड्याच्या बाजूला चर्च आणि दफनभूमी. कालिनागो त्या एका दिवसात संपले असं मात्र नाही, पुढची काही वर्षं झटापटी चालूच होत्या, पण बेट त्यांच्या हातून गेलं ते गेलंच.

फ्रेंचांची सत्ता शंभरेक वर्षं राहिली. तंबाखू, नीळ, मग ऊस, कॉफी, कोको, आणि या सगळ्यासाठी आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम. सात वर्षांच्या युद्धात इंग्रजांनी बेट जिंकलं आणि १७६३ च्या पॅरिस तहाने ते अधिकृत त्यांचं झालं. मग अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत १७७९ ला फ्रेंचांनी परत घेतलं, १७८३ ला तहात परत इंग्रजांना दिलं. लंडन-पॅरिसमधले लोक टेबलावर बसून हे देवाणघेवाण करत होते, आणि इथे प्रत्येक वेळी कायदा, भाषा, धर्म, जमिनीचे कागद सगळं उलटंपालटं होत होतं. यातूनच पुढचा भडका उडाला.

फेदॉनचं बंड! हे मला या बेटाच्या इतिहासातलं सगळ्यात महत्त्वाचं प्रकरण वाटतं आणि आपल्याकडे ते कोणालाच माहीत नाही. १७८३ नंतर परत आलेल्या इंग्रजांनी फ्रेंच बोलणाऱ्या कॅथलिक लोकांचे राजकीय हक्क काढून घेतले, चर्चच्या जमिनी घेतल्या. बेटावर गोरे आणि गुलाम यांच्या मधे एक तिसरा वर्ग होता, मिश्र वंशाचे स्वतंत्र लोक, त्यातल्या काहींची स्वतःची शेतीवाडी होती आणि गुलामही होते. ज्युलियन फेदॉन त्यांच्यातलाच, डोंगरात बेल्व्हिडिअर नावाची त्याची मोठी इस्टेट. तिकडे फ्रान्समध्ये राज्यक्रांती झालेली, हैतीत गुलामांनी उठाव केलेला, फ्रेंच सरकारने १७९४ ला गुलामगिरी रद्द केल्याचं जाहीर केलेलं, आणि ग्वादेलूप या फ्रेंच बेटावरून क्रांतीचे प्रतिनिधी शस्त्रं आणि कागद पाठवत होते. २ मार्च १७९५ च्या रात्री फेदॉनच्या माणसांनी पूर्वेच्या ग्रेनव्हिल आणि पश्चिमेच्या गुयाव्ह या दोन गावांवर एकदम हल्ला केला. गव्हर्नर निनियन होम हाच त्यांच्या हाती लागला.

गुलाम हजारोंनी बंडात सामील झाले. वर्षभर राजधानी आणि तिच्या आसपासचा भाग सोडला तर जवळजवळ सगळं बेट बंडखोरांकडे होतं. एप्रिलमध्ये इंग्रजांनी डोंगरावरच्या छावणीवर हल्ला केला तेव्हा गव्हर्नरसकट ४८ ओलिसांना ठार मारलं गेलं, हेही सांगायलाच पाहिजे, बंड म्हटलं की सगळं उजळच दाखवायचं असं करून चालत नाही. जून १७९६ मध्ये मोठी कुमक आणून इंग्रजांनी बंड मोडलं, म्होरक्यांना फाशी दिलं, हद्दपार केलं. मेलेल्यांत गुलामांचा आकडा हजारोंत आहे. फेदॉन मात्र शेवटपर्यंत सापडला नाही. होडीतून त्रिनिदादकडे जाताना बुडाला असं बरेच जण मानतात. डोंगरावर त्याची छावणी होती ती जागा अजून त्याच्याच नावाने ओळखतात.

बंडात उसाच्या इस्टेटी जळाल्या त्या परत पहिल्यासारख्या उभ्या राहिल्या नाहीत. १८३४ ला कायद्याने गुलामगिरी गेली, १८३८ ला खरी सुटका झाली, आणि सुटलेले लोक मळ्यांवर राहायला तयार होईनात. इथे परत जमिनीकडे बघा: बार्बाडोससारख्या सपाट बेटावर सगळी जमीन मळेवाल्यांच्या ताब्यात, त्यामुळे सुटलेल्या गुलामाला जायला जागाच नव्हती, पण ग्रेनेडात डोंगराच्या उतारावर तुकडे मिळत होते, विकत, भाड्याने किंवा नुसतं जाऊन वसायचं. लोक वर सरकले, कंद, केळी, कोको लावायला लागले. मळेवाल्यांना मजूर मिळेनात.

मग त्यांनी जे बाकी सगळीकडे केलं तेच इथे केलं, हिंदुस्थानातून करारावर मजूर आणले. कलकत्त्याहून निघालेलं मेडस्टोन नावाचं जहाज १ मे १८५७ ला बेटाच्या उत्तरेला लागलं. निघताना पावणेचारशेच्या आसपास माणसं होती, उतरली तीनशेहून कमी, बाकीचे वाटेतच गेले. तारीख बघा, मीरतचा उठाव झाला १० मे ला, म्हणजे त्याच्या नऊ दिवस आधी हे लोक जगाच्या दुसऱ्या टोकाला उसाच्या मळ्यात उतरले होते आणि मागे काय पेटलंय याचा त्यांना पत्ताच नसणार. पुढच्या तीसेक वर्षांत तीन हजारांहून जास्त लोक आले, बहुतेक उत्तर भारतातले. त्रिनिदाद-गयानात भारतीयांची संख्या मोठी म्हणून तिथे मंदिरं, भाषा, सण टिकले, इथे संख्या कमी, बरेच जण करार संपल्यावर त्रिनिदादला गेले, राहिलेले ख्रिश्चन झाले आणि मिसळून गेले. आज आडनावांत आणि जेवणात तेवढी खूण राहिली आहे.

आता जायफळ. मुळात हे झाड इंडोनेशियातल्या बांदा बेटांचं, दुसरीकडे कुठेच नव्हतं, आणि त्यासाठी डच लोकांनी बांदाच्या रहिवाशांची कत्तल केली होती. नेपोलियनच्या काळात इंग्रजांनी बांदा काही वर्षं ताब्यात घेतलं तेव्हा रोपं बाहेर काढून आपल्या वसाहतींत लावली. ग्रेनेडात जायफळ आलं ते १८४३ साली असं तिथे मानतात. ऊस ढासळत होता, उतारावरची ओली सावलीतली जमीन होती, आणि लहान शेतकरी होता ज्याला दोन-चार झाडं लावून नंतर वर्षानुवर्षं फळं गोळा करणं परवडत होतं. कोकणात नारळ-सुपारीच्या बागेत जायफळ लावणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. झाड फळायला सहा-सात वर्षं घेतं, नर झाड वेगळं मादी झाड वेगळं आणि लावताना कळत नाही कुठलं आहे, पण एकदा लागलं की पिढ्यान्‌पिढ्या देत राहतं. पिवळं फळ उकलतं, आत लाल जाळीदार जायपत्री, तिच्या आत कवच आणि कवचात जायफळ. तिथे वरच्या गराचा जॅमसुद्धा करतात.

बघता बघता इंडोनेशियानंतर जगात दुसरा नंबर ग्रेनेडाचा झाला. १९४७ ला शेतकऱ्यांची जायफळ सहकारी संस्था स्थापन झाली, खरेदी तिच्यामार्फतच, गावोगाव तिची केंद्रं, गुयाव्हला मोठं प्रोसेसिंग स्टेशन जिथे बायका बसून हाताने निवड करतात. देशाच्या झेंड्यावर जायफळाचं चित्र आहे, जगात दुसऱ्या कुठल्या देशाच्या झेंड्यावर नसेल. सहकाराची सवय असलेल्या आपल्या लोकांना यात रस वाटायला हरकत नाही, कारण साखर कारखान्यांभोवती आपलं राजकारण जसं फिरतं तसं तिथे या संस्थेभोवती बरंच फिरलंय.

पण हे झालं लहान शेतकऱ्याचं. मोठ्या इस्टेटीही राहिल्याच होत्या, आणि तिथला मजूर विसाव्या शतकातही उपाशीच होता. माणसं त्रिनिदादला, अरुबाच्या तेल रिफायनरीत, अमेरिकेत जात होती (अमेरिकेतला कृष्णवर्णीयांचा नेता माल्कम एक्स, त्याची आई याच बेटावरची). शिकलेल्या वर्गात टी. ए. मॅरिशोसारखे लोक होते, ज्यांनी १९१५ ला पेपर काढून सगळ्या इंग्रजी बेटांचं एक फेडरेशन व्हावं म्हणून आयुष्य घालवलं. १९५८ ला फेडरेशन झालं, त्याच वर्षी मॅरिशो गेले, आणि १९६२ ला फेडरेशनही मोडलं.

खालच्या मजुरांना ढवळून काढलं ते एरिक गेरीने. अरुबातून परत आलेला तरुण, त्याने युनियन काढली आणि १९५१ ला असा संप केला की इस्टेटी पेटल्या, इंग्रजांना युद्धनौका बोलवावी लागली आणि शेवटी मजुरी वाढवून द्यावी लागली. शेतमजुरांसाठी गेरी देवासारखा होता, आणि त्याने त्यांना पहिल्यांदा ताठ मानेने उभं केलं हे त्याचं श्रेय कोणी काढून घेऊ शकत नाही. पण सत्ता आल्यावर तोच माणूस बदलला. सरकारी पैशाची उधळपट्टी, विरोधकांना झोडायला मुंगूस गँग नावाची गुंडांची टोळी. १९७३ च्या नोव्हेंबरमध्ये न्यू ज्युवेल मूव्हमेंट या नव्या पक्षाच्या नेत्यांना बेदम मारलं, जानेवारी १९७४ मध्ये याच पक्षाचा नेता मॉरिस बिशप या तरुण वकिलाचे वडील रुपर्ट बिशप गोळीबारात गेले. बेटावर बंद चालू, आणि अशा वातावरणात ७ फेब्रुवारी १९७४ ला देश स्वतंत्र झाला, पंतप्रधान गेरी.

१३ मार्च १९७९ ला गेरी परदेशात असताना पहाटे या पक्षाच्या पन्नासहून कमी माणसांनी लष्करी बराक आणि रेडिओ स्टेशन ताब्यात घेतलं, जवळजवळ रक्तपात न होता, आणि लोक रस्त्यावर नाचले. मॉरिस बिशप पंतप्रधान झाला. पस्तिशीच्या आतबाहेरचा, देखणा, बोलण्यात जबरदस्त. इंग्रजी बोलणाऱ्या कॅरिबियनमधली ही पहिली सशस्त्र क्रांती. साक्षरता मोहीम, बाळंतपणाची पगारी रजा, क्यूबाचे डॉक्टर-डेंटिस्ट, मुलांना स्कॉलरशिपा, ही कामं खरी आहेत. आणि निवडणूक न घेणं, पेपर बंद करणं, खटला न चालवता लोकांना डांबून ठेवणं, हेही तितकंच खरं आहे. दोन्ही एकत्र धरल्याशिवाय पुढचं कळत नाही.

आता तो विमानतळ. तोपर्यंत बेटावर होता पूर्व किनाऱ्यावरचा पर्ल्स विमानतळ, १९४३ सालचा, एका बाजूला समुद्र एका बाजूला डोंगर, धावपट्टी आखूड, रात्री उतरायची सोय नाही. मोठं जेट येऊच शकत नव्हतं, म्हणून युरोप-अमेरिकेच्या पर्यटकाला बार्बाडोस किंवा त्रिनिदादला मुक्काम करून छोट्या विमानाने यावं लागायचं आणि मग डोंगरातून वळणावळणाने गाडीने राजधानीत. पर्यटन वाढायचं तर नवा विमानतळ हवा हे इंग्रजांच्या काळापासूनच सगळे म्हणत होते, सर्व्हेही झाले होते, आणि जागा एकच निघत होती, नैऋत्य टोकावरचं पॉइंट सॅलाइन्स. बिशपच्या सरकारने ते काम काढलं, क्यूबाने माणसं आणि मशिनरी दिली, पैसे बऱ्याच देशांतून आले, प्लेसी ही ब्रिटिश कंपनीही कामात होती.

अमेरिकेला मात्र साधारण नऊ हजार फुटांची धावपट्टी म्हणजे सोव्हिएत बॉम्बरचा तळ दिसत होता. २३ मार्च १९८३ ला अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी टीव्हीवरून जे प्रसिद्ध भाषण केलं, अवकाशातल्या क्षेपणास्त्र-संरक्षणाचं, त्यातच त्यांनी या धावपट्टीचा विमानातून काढलेला फोटो दाखवला. खरं तर तो फोटो चोरून काढायची गरज नव्हती, त्या टोकाला कोणीही चालत जाऊन बघू शकत होतं, शेजारीच अमेरिकन मुलांचं मेडिकल कॉलेज होतं, सेंट जॉर्जेस युनिव्हर्सिटी, आणि ती मुलं तिथे फिरायला जायची. एवढीच लांब किंवा याहून लांब धावपट्टी बार्बाडोसला होतीच. मला विचाराल तर विमानतळ पर्यटनासाठीच होता, पण क्यूबाशी आणि सोव्हिएत युनियनशी लष्करी करार करून बिशप सरकारने संशयाला खतपाणी घातलं हेही नाकारता येत नाही.

शेवटी घात झाला तो आतून. पक्षातला एक गट, उपपंतप्रधान बर्नार्ड कोर्डच्या बाजूचा, बिशपने नेतृत्व वाटून घ्यावं म्हणून मागे लागला. सप्टेंबर १९८३ मध्ये बिशप हो म्हणाला, परत बिनसलं, आणि ऑक्टोबरच्या मध्यावर त्याला त्याच्याच घरात कैद केलं. १९ ऑक्टोबरला हजारो लोक, त्यात शाळेची मुलं भरपूर, त्याच्या घरावर चालून गेले आणि त्याला सोडवून बंदरावरच्या किल्ल्यात घेऊन गेले. फ्रेंचांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला हा किल्ला, क्रांतीनंतर त्याला बिशपच्या वडिलांचं नाव दिलं होतं. लष्कराच्या चिलखती गाड्या आल्या, गर्दीवर गोळीबार झाला, लोकांनी तटावरून खाली उड्या मारल्या. बिशप, शिक्षणमंत्री जॅकलिन क्रेफ्ट, परराष्ट्रमंत्री युनिसन व्हाइटमन आणि आणखी काही जण, असे आठ जण किल्ल्याच्या चौकात भिंतीला उभे करून मारले. त्यांची प्रेतं आजपर्यंत सापडलेली नाहीत. त्यानंतर चार दिवस कर्फ्यू, दिसेल त्याला गोळी.

२५ ऑक्टोबरला अमेरिकन सैन्य उतरलं. कारणं दिली दोन, मेडिकलच्या सहाशे अमेरिकन मुलांची सुरक्षितता आणि पूर्व कॅरिबियन देशांची विनंती. डॉमिनिकाच्या पंतप्रधान युजीनिया चार्ल्स रेगनच्या शेजारी उभ्या राहून पत्रकारांशी बोलल्या. साधारण सात हजार अमेरिकन सैनिक आणि शेजारच्या बेटांचे तीनेकशे. अमेरिकेचे १९, क्यूबाचे दोनेक डझन आणि ग्रेनेडाचे ४५ लोक गेले, त्यात बॉम्ब चुकून मानसिक रुग्णालयावर पडला तिथले रुग्ण होते. ग्रेनेडाची राणी तेव्हाही इंग्लंडचीच एलिझाबेथ, म्हणजे राणी जिथे राष्ट्रप्रमुख त्या देशात अमेरिका घुसली, आणि ब्रिटनच्या पंतप्रधान थॅचरबाई यावर चांगल्याच चिडल्या होत्या. २ नोव्हेंबरला युनोच्या आमसभेत या कारवाईचा निषेध झाला, १०८ विरुद्ध ९ मतांनी.

इथे आपला संबंध येतो. त्याच नोव्हेंबरात कॉमनवेल्थच्या सरकारप्रमुखांची परिषद दिल्लीत भरली, यजमान इंदिरा गांधी, आणि मधले दिवस सगळे नेते गोव्यात आणले होते. गोव्यातल्या जुन्या लोकांना 'चोगम' नक्की आठवत असेल, त्याच्यासाठी रस्ते झाले, साळगाव-कळंगुट बाजूच्या रस्त्याला अजून चोगम रोडच म्हणतात. त्या परिषदेतला सगळ्यात अवघड विषय ग्रेनेडा होता, कारण हल्ल्यात सामील झालेली बेटं आणि त्याला कडाडून विरोध करणारे देश एकाच टेबलाला बसले होते. शेवटी सूर असा निघाला की झालं त्यावर भांडण्यापेक्षा देश परत उभा करण्याकडे लक्ष द्यावं.

बेटावरच्या लोकांना काय वाटत होतं हे बाहेरच्यांना समजायला जड जातं. बिशपवर जीव टाकणाऱ्या कित्येकांनी अमेरिकन सैन्याचं स्वागत केलं, कारण त्याला मारणाऱ्यांच्या तावडीतून सुटका झाली होती. २५ ऑक्टोबरला तिथे आभार दिनाची सुट्टी असते. आणि २०२३ पासून १९ ऑक्टोबर हा राष्ट्रवीरांचा दिवस म्हणून पाळायला सुरुवात झाली. कोर्ड आणि बाकीच्यांना आधी फाशीची शिक्षा झाली, मग जन्मठेप, शेवटचे कैदी २००९ मध्ये सुटले. विमानतळाचं उरलेलं काम अमेरिकेने पैसे देऊन पुरं केलं आणि १९८४ च्या ऑक्टोबरमध्ये तो सुरू झाला, पर्यटकांसाठीच. २००९ साली त्याला मॉरिस बिशपचं नाव दिलं.

वादळांचं सांगितल्याशिवाय हे पुरं होत नाही. १९५५ च्या जॅनेट वादळाने शंभरावर माणसं मारली आणि जायफळाच्या बागा आडव्या केल्या, तेव्हा लवकर पीक येतं म्हणून बऱ्याच शेतकऱ्यांनी केळी लावली. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षं मोठं वादळ आलं नाही, लोक म्हणायचे आम्ही दक्षिणेला आहोत, वादळं वरून जातात. ७ सप्टेंबर २००४ ला आयव्हन आलं. ३९ माणसं गेली, दहातल्या नऊ घरांचं नुकसान, आणि जायफळाची बहुतेक झाडं मुळासकट उपटली गेली. त्याआधी जगातलं साधारण एक पंचमांश जायफळ इथून जात होतं, ते एका दुपारीत संपलं. नवीन झाड फळायला सहा-सात वर्षं आणि भरात यायला त्याहून कितीतरी जास्त, म्हातारे शेतकरी परत लावायच्या भानगडीत पडले नाहीत, तरुण पर्यटनात आणि परदेशात गेले. उत्पादन अजूनही पहिल्या पातळीवर आलेलं नाही.

आयव्हनच्या धक्क्यातूनच कॅरिबियन देशांनी मिळून २००७ ला वादळ-भूकंपाचा एकत्र विमा फंड सुरू केला, ज्यात वाऱ्याचा वेग आणि अंदाजे नुकसान बघून पंचनाम्याची वाट न बघता पैसे मिळतात. पुढे ग्रेनेडा २०१३ ला कर्ज फेडू शकला नाही, आणि २०१५ मध्ये सावकारांशी नवा करार करताना त्यांनी त्यात एक अट घालून घेतली, की मोठं वादळ आलं तर हप्ते काही काळ थांबतील. १ जुलै २०२४ ला बेरिल वादळ कारियाकूवर धडकलं, होड्या बांधणाऱ्यांचं आणि बिग ड्रम नाचाचं ते छोटं बेट, तिथली जवळजवळ सगळी घरं मोडली, पेटिट मार्टिनिकचीही तीच गत. विमा फंडातून चार कोटी डॉलरहून जास्त रक्कम काही आठवड्यांत आली, आणि ग्रेनेडाने ती अट वापरून रोख्यांचे हप्ते थांबवले. खाजगी सावकारांच्या बाबतीत अशी वादळाची अट प्रत्यक्ष वापरणारा जगातला हा पहिला देश ठरला.